कुठलं केळझर?

मागच्या महिन्यात माझ्या टेबलावर एक पत्र येऊन पडलं. वहीचं पान फाडून लिहिलेलं. पहिली बाजू निळ्या शाईत आणि दुसरी बाजू अर्ध्यापासून पुढे लाल शाईत. लाल शाई दिसली की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो, गणिताचे पेपर आठवतात. इथे मात्र ती शाई रागाची होती.

पत्र केळझरहून आलं होतं, नववीतल्या एका मुलीचं. तिचं नाव मी छापत नाहीये. का ते पुढे येईलच. पत्रातला मुख्य भाग असा :

“काका, आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आहे. नागपूरहून वर्ध्याला येताना रस्त्यावरच लागते. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आमचंच गाव. भीमाने बकासुराला इथेच मारलं. शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून मी हे विकिडेटावर लिहिलं, तर कोणीतरी ते काढून टाकलं. मी परत लिहिलं. परत काढलं. मी तिसऱ्यांदा लिहिलं. आता तो म्हणते, संदर्भ द्या. आजीला सांगितलं तर आजी म्हणते, ‘बकासूर इथंच मेला बाप्पा, त्याले कागद कायले पाहिजे?’ काका, त्या माणसाने केळझर पाहिलंही नसेल. मग आमच्या गावाबद्दल लिहिलेलं पुसायचा त्याला काय अधिकार?”

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्णपणे या मुलीच्या बाजूने होतो. आपल्या गावाबद्दल आपण लिहायचं आणि कुणीतरी परक्याने ते खोडायचं, हा काय न्याय? पण मग मी चहा घेतला, कॉम्प्युटर सुरू केला आणि तिच्या नोंदीची मागची सगळी पानं उलटून बघितली. तेव्हा गंमत कळली. ती गंमत सांगायच्या आधी, विकिडेटा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल.

विकिपीडिया तुम्हाला माहीत आहे. प्रकल्पाच्या आदल्या रात्री तुम्ही त्यातून काय काय उतरवून काढता तेही मला माहीत आहे! मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. विकिडेटा ही त्याचीच धाकटी बहीण, जन्म २९ ऑक्टोबर २०१२. विकिपीडियात लेख असतात, परिच्छेद असतात. विकिडेटात लेख नाहीत. तिथे फक्त नोंदी. केळझर कोणत्या देशात? भारत. कोणत्या जिल्ह्यात? वर्धा. काय आहे? गाव. एवढंच. शाळेच्या दाखल्यावर कसे रकाने असतात, तसं.

आणि दाखल्यासारखाच इथे प्रत्येकाला एक क्रमांक असतो. क्रमांकाआधी ‘क्यू’ हे इंग्रजी अक्षर. क्यू१ म्हणजे सगळं विश्व. क्यू२ म्हणजे आपली पृथ्वी. महाराष्ट्राचा क्रमांक क्यू११९१, मराठी भाषेचा क्यू१५७१. असे दहा कोटींहून अधिक क्रमांक आतापर्यंत दिले गेले आहेत. क्रमांक कशाला, नाव पुरत नाही का? तुमच्या वर्गात दोन संतोष असले की बाई काय करतात? हजेरीपटावरचा नंबर पुकारतात. तसंच हे.

ही सगळी माहिती फुकट आणि खुली आहे. कुणीही घ्यावी, कुठेही वापरावी, परवानगी मागायला नको. निरनिराळ्या भाषांतले विकिपीडिया ती घेतात. तुम्ही मोबाइलला तोंडी प्रश्न विचारता आणि तो धडाधड उत्तर देतो ना, त्या उत्तरांमागेही पुष्कळदा अशाच नोंदी असतात. म्हणून इथे टाकलेला एक शब्द किती ठिकाणी जाऊन पोहोचेल याचा अंदाज करता येत नाही. बरोबर शब्दही पोहोचतो आणि चुकीचाही.

आता ती गंमत.

विकिडेटातल्या प्रत्येक पानाला एक ‘इतिहास’ असतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, काय बदललं, हे सगळं तिथे लिहिलेलं राहतं. पुसलेलंही राहतं. आमच्या वेळी वहीत चूक झाली की पान फाडायची सोय होती, इथे ती नाही. तर तिथे मी पाहिलं, आमच्या मैत्रिणीने तालुक्याच्या रकान्यात ‘सेलू’ असं लिहायला सुरुवात केली होती. लिहू लागलं की खाली यादी उघडते. तिने यादीतला पहिला सेलू पटकन निवडला आणि पुढे गेली.

तो सेलू परभणी जिल्ह्यातला होता.

महाराष्ट्रात सेलू नावाचे दोन तालुके आहेत, एक वर्धा जिल्ह्यात आणि एक परभणी जिल्ह्यात. आपली मैत्रीण बकासुरासाठी भांडत होती आणि तिकडे तिचं अख्खं गाव, टेकडीवरच्या गणपतीसकट, मराठवाड्यात जाऊन बसलं होतं! आणि पोरी, आता जरा दम धर. ती चूक दुरुस्त कुणी केली माहीत आहे? ज्याने तुझा बकासूर काढला, त्याच माणसाने. गुपचूप सेलू बदलून वर्ध्याचा केला आणि कारणाच्या जागी दोन शब्द लिहिले : ‘तालुका दुरुस्त’. तू इतिहासाचं पान उघडलंच नव्हतंस.

माझ्या मते या कामात सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच. रागवायच्या आधी इतिहास उघडायचा.

आणि चूक काही फक्त सेलूची होते असं नाही. खुद्द केळझरच घ्या. केळझर किती आहेत? वर्धा जिल्ह्यातलं आपल्या मैत्रिणीचं केळझर हे एक. दुसरं चंद्रपूर जिल्ह्यात आहे, मूलच्या बाजूला. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेवर केळझर नावाचं स्टेशन लागतं, ते हे. तिसरं एकदम दुसऱ्या टोकाला, नाशिक जिल्ह्यात सटाण्याकडे. तिथे आरम नदीवर केळझर धरण आहे. तिन्ही नावं अक्षरशः एक. आता समजा, एखाद्या उत्साही मुलाने वर्ध्याच्या केळझरच्या पानावर चंद्रपूरच्या स्टेशनाचा फोटो चिकटवला आणि दुसऱ्याने तिथेच आरम नदी आणून सोडली, तर? एक असं गाव तयार होईल जे कुठेच नाही. विदर्भातला गणपती, झाडीपट्टीतली रेल्वे आणि बागलाणातलं धरण!

म्हणून नवी नोंद करण्याआधी शोध घ्यायचा. आपल्याला हवी ती नोंद आधीच असेल तर दुसरी बनवायची नाही. एकाच गावाच्या दोन नोंदी झाल्या की अर्धी माहिती इकडे, अर्धी तिकडे. अशा दोन जुळ्या नोंदी सापडल्या तर त्या एकत्र करता येतात, पण त्या खरंच एकाच गावाच्या आहेत याची आधी खात्री पाहिजे. घाईने दोन वेगळी केळझरं एकात मिसळलीत तर नंतर ती सोडवताना चार लोकांची दुपार जाते.

गाव वेगळं, गावातलं देऊळ वेगळं, हेही लक्षात ठेवा. देवळाचा क्रमांक वेगळा. तिथे लिहायचं, काय आहे? मंदिर. कुठे आहे? केळझर. धरण आणि गाव यांचंही तसंच. स्टेशन आणि गाव यांचंही तसंच.

प्रत्येक नोंदीच्या नावाखाली एक छोटी ओळख लिहायची जागा असते. तिथे बरेच जण उत्साहाच्या भरात ‘निसर्गरम्य, पवित्र व ऐतिहासिक गाव’ असं लिहून मोकळे होतात. आता सांगा, यावरून तीनांपैकी कुठलं केळझर ते कळलं का? ‘महाराष्ट्रातील गाव’ एवढ्यानेही भागत नाही. ‘वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील गाव’ असं लिहिलं की काम झालं. तिथल्या यंत्रालाही हा नियम ठाऊक आहे. एकाच भाषेत दोन नोंदींचं नाव आणि ओळख अगदी सारखी असेल तर ते दुसरी नोंद जतनच करू देत नाही.

शिवाय एक रकाना आहे, ‘याहून वेगळे’ अशा अर्थाचा. त्याचा क्रमांक पी१८८९. तीन केळझरांच्या पानांवर एकमेकांची नावं त्या रकान्यात टाकून ठेवली की पुढे येणारा माणूस फसत नाही. हा रकाना मला फार आवडतो. रस्त्यावर ‘पुढे वळण आहे’ अशी पाटी लावावी, तसं ते आहे.

आता बकासुराकडे येऊ.

लाक्षागृहातून सुटल्यावर पांडव एकचक्रानगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले, आणि तिथे भीमाने बकासुराचा वध केला, ही महाभारतातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. गाडाभर भात घेऊन जाणारा आणि तो वाटेतच फस्त करणारा भीम कुणाला आवडत नाही! केळझरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली, ती एकचक्रानगरी इथलीच. पण पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात जा. तिथे एकचक्रा नावाचं गावच आहे. नित्यानंद प्रभूंचं जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि पांडव तिथे राहिले होते असं तिथले लोक सांगतात. बिहारमध्ये आरा नावाचं शहर आहे. तिकडची माणसंही म्हणतात, बकासूर आमच्याकडचा.

आता विचार करा. बीरभूममधली एखादी नववीतली मुलगीही आपल्या आजीची गोष्ट ऐकून कॉम्प्युटरवर बसली असेल. तिने केळझर खोडून बीरभूम लिहिलं, तर आपल्या मैत्रिणीला कसं वाटेल? आणि आपल्या मैत्रिणीने बीरभूम खोडलं तर तिला?

इथे विकिडेटाची एक खुबी आहे, जी छापील पुस्तकाला सहसा जमत नाही. एकाच रकान्यात दोन-तीन उत्तरं शेजारी शेजारी ठेवता येतात, प्रत्येकापुढे ‘हे कोण म्हणतं’ ते लिहून. आणि अशाच प्रसंगासाठी एक खास रकाना आहे, पी४६०. त्याचा अर्थ, ‘हे तेच असल्याचं म्हटलं जातं’. खात्री नाही, वाद असू शकतो, पण असं म्हटलं जातं. म्हणजे महाभारतातल्या एकचक्रेची नोंद वेगळी. केळझरची नोंद वेगळी. दोन्हींच्या मध्ये हा रकाना, आणि त्यापुढे संदर्भ. बीरभूमचंही तसंच, आराचंही तसंच. कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही.

आमच्या मैत्रिणीने काय केलं होतं? केळझरच्या नोंदीतलं नावच बदलून ‘एकचक्रानगरी’ केलं होतं. संदर्भाची जागा रिकामी. तो माणूस ते काढणार नाही तर काय करणार? मीही काढलं असतं. फक्त मी तिला दोन ओळींचा निरोप लिहिला असता, की बाळ, असं नाही, असं कर. त्याने नुसतंच ‘संदर्भ द्या’ म्हटलं, हे काही मला पटलेलं नाही. नवख्या माणसाला ती दोन अक्षरं तोंडावर दार लावल्यासारखी वाटतात.

पण तिसऱ्यांदा तेच लिहिणं ही तुझी चूक. तू लिही, त्याने काढ, तू लिही, त्याने काढ, ही नुसती दोरीखेच झाली. एकदा उलटवलं गेलं की थांबायचं आणि चर्चेच्या पानावर जाऊन विचारायचं. प्रत्येक नोंदीला चर्चेचं पान असतं. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलण्याच्या जागेचं नाव तर फार झकास आहे, ‘चावडी’. गावाच्या चावडीवर जसं बोलायचं तसंच तिथे बोलायचं. समोरचा माणूस मुद्दाम त्रास द्यायला आलेला नाही असं आधी धरून चालायचं. बहुतेक वेळा तो खरंच तसा नसतो.

संदर्भ म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न. पुष्कळ जण विकिडेटात लिहिताना संदर्भ म्हणून विकिपीडियाच देतात. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघून लिहिण्यासारखं आहे हे. त्याचं चुकलं असेल तर तुमचंही चुकतं, आणि तपासणाऱ्याला दोघांचं सारखं उत्तर बघून वाटतं, बरोबरच असेल! याचा एक जगप्रसिद्ध किस्सा आहे. फिलिपिन्समध्ये सेबुआनो नावाची भाषा बोलतात. त्या भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांहून जास्त लेख आहेत. मराठीपेक्षा कितीतरी पट! पण ते बहुतेक सगळे एका यंत्राने लिहिलेले आहेत. स्वेरकर योहान्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी तो संगणक-कार्यक्रम बनवला. त्याने जगभरच्या गावांची, नद्यांची, डोंगरांची एक तयार यादी घेतली आणि धडाधड लेख पाडले. यादीत जिथे चूक होती तिथे लेखातही चूक उतरली. तीच गावं विकिडेटातही आली, काही तर दोनदा. लोक अजून ती निस्तरत बसले आहेत.

तेव्हा संदर्भ मुळातला शोधायचा. गावासाठी जनगणनेची पुस्तिका असते, जिल्ह्याचं गॅझेटियर असतं. वर्ध्याचं गॅझेटियर आहे. त्याहीआधी, १८७० साली, चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेलं मध्य प्रांतांचं गॅझेटियर निघालं होतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत शोधताना एक अडचण येते, नावांची स्पेलिंगं विचित्र असतात. नागपूरचं ‘नागपोर’ केलेलं सापडेल. तेव्हा केळझर सरळ सापडलं नाही तर हिरमुसू नका, जरा वाकडंतिकडं लिहून बघा. आणि ते जुनं रूप सापडलं तर ‘या नावानेही ओळखतात’ या रकान्यात टाकून ठेवा. पुढच्या शोधणाऱ्याचे कष्ट वाचतील.

जुन्या पुस्तकात आणखी एक घोटाळा होतो. त्यात केळझर ‘मध्य प्रांतात’ असेल. ते चूक आहे म्हणून नाक मुरडू नका. केळझर तिथल्या तिथेच आहे, पण त्याचा पत्ता कितीदा बदलला बघा. १८६२ पर्यंत वर्धा हा वेगळा जिल्हाच नव्हता, तो भाग नागपूर जिल्ह्यात होता. इंग्रजांच्या काळात हा सगळा मुलूख मध्य प्रांतात. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे केळझरची एखादी पणजी कधीही गाव न सोडता तीन-चार राज्यांत राहून आली! विकिडेटात हे सगळं मांडता येतं, प्रत्येक पत्त्यापुढे ‘या सालापासून’ आणि ‘या सालापर्यंत’ असं लिहून. जुनं पुसायचं नाही. लोकसंख्येचंही तसंच. २०११ च्या जनगणनेचा आकडा टाकताना शेजारी ‘२०११’ टाकायचं. साल नसलेला आकडा कुणाच्या कामाचा? २०२१ ची जनगणना लांबली, पण नवा आकडा येईल तेव्हा तो २०११ च्या डोक्यावर लिहायचा नाही. त्याच्या शेजारी लिहायचा.

आणि आजीची गोष्ट? तिचं काय करायचं?

दोस्तहो, इथे मला थोडं वाईट वाटतं, आणि ते लपवत नाही. जे छापलेलं आहे त्यालाच संदर्भ म्हणायचं, तर ज्या गावांबद्दल कुणी काही छापलंच नाही त्यांनी काय करावं? पुण्या-मुंबईच्या एकेका गल्लीवर पुस्तकं आहेत. खेड्यातल्या आजीकडे आहे ते सगळं तोंडी. ती गेली की तेही गेलं. विकिडेटाकडे याचं चांगलं उत्तर आहे असं मला वाटत नाही. पण एक वाट आहे. डॉ. सरोजिनी बाबर यांनी गावोगावच्या ओव्या, गाणी, कहाण्या गोळा करून महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे पुस्तकं काढली. बायकांनी जात्यावर म्हटलेलं त्यामुळे कागदावर आलं. आजीची गोष्ट आधी तिच्याच शब्दांत लिहून काढायची. कोणी सांगितली, कधी सांगितली तेही लिहायचं. शाळेच्या वार्षिकांकात, गावाच्या स्मरणिकेत, जमेल तिथे छापून आणायची. विकिडेटा हा त्यानंतरचा मुक्काम.

‘मी लिहिलेलं कोण बघतंय’ असं वाटणाऱ्यांसाठी एक खरी हकिकत सांगतो. स्कॉटलंडमध्ये स्कॉट्स नावाची भाषा आहे, इंग्रजीची बहीण म्हणावी अशी. तिचाही विकिपीडिया आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये एका वाचकाच्या लक्षात आलं की त्यातले हजारो लेख स्कॉट्समध्ये नाहीतच! इंग्रजी वाक्यं घेऊन मधले मधले शब्द बदललेले. हे सगळं एकाच मुलाने केलं होतं. तो राहायचा अमेरिकेत, स्कॉट्स त्याला येत नव्हती, आणि सुरुवात केली तेव्हा तो फक्त बारा वर्षांचा होता. त्याला वाटत होतं आपण एका छोट्या भाषेची सेवा करतोय. वर्षानुवर्षं कुणी त्याला हटकलं नाही, कारण तिकडे फिरकणारे जाणकारच थोडे होते. दरम्यान कितीतरी लोकांनी ते वाचून स्कॉट्स म्हणजे असली मोडकी इंग्रजी, असा समज करून घेतला असेल. प्रकरण उघडकीला आल्यावर लोक त्या मुलाला वाट्टेल तसं बोलले. ते मला अजिबात आवडलं नाही. मग काही स्कॉट्स बोलणाऱ्यांनी मात्र शहाणपणा केला, एकत्र बसून लेख दुरुस्त करायला घेतले.

मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, पण अशा नोंदी तपासत बसणारे मूठभर. केळझरच्या नोंदीवर तर फारच थोड्यांची नजर. त्या मूठभरांतला एक तुझ्या वाट्याला आला, पोरी, हे काही वाईट झालं नाही.

हात बसेपर्यंत सराव कुठे करायचा, असं काही जण विचारतील. त्यासाठी वेगळी जागा आहे. मराठी विकिपीडियावर तिला ‘धूळपाटी’ म्हणतात. पूर्वी मुलं पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची, त्यावरून. विकिडेटाचीही धूळपाटी आहे, क्यू४११५१८९. तिथे हवं ते लिहा, खोडा, कुणी रागावणार नाही. खऱ्या नोंदीवर मात्र एका वेळी एकच बदल करायचा.

आणि आता नावाबद्दल. मी या मैत्रिणीचं नाव छापलं नाही, तसंच तुम्हीही तिथे स्वतःचं खरं नाव, शाळा, फोन नंबर टाकू नका. एखादं टोपणनाव घ्या. वर्गातल्या मित्राची गंमत म्हणून नोंद करू नका. शेजारच्या काकूंची, गावातल्या गुरुजींची जन्मतारीखही टाकायची नाही, प्रेमाने सुद्धा नाही. मघाशी सांगितलं ना, शब्द तिथून कुठे कुठे जातात ते आपल्याला कळत नाही.

एवढं सगळं मी तिला लिहून पाठवलं. गेल्या आठवड्यात तिचं दुसरं पत्र आलं, पूर्ण निळ्या शाईत. तालुका तिने तपासला, बरोबर आहे. देवळाची नोंद वेगळी केली. आजीची गोष्ट लिहून काढायला घेतलीय, पण आजी दर वेळी वेगळी सांगते, तर त्यातली कुठली धरू, असं विचारलंय. (सगळ्या लिही, तारखेसकट!) गॅझेटियर बघायला ती सुट्टीत वर्ध्याला जाणार आहे. आजी रोज विचारते, “सापडला काय वो कागद?”

आणि शेवटी एक प्रश्न आहे, तो मी तुमच्यापुढेच ठेवतो. तिने तिन्ही केळझरांची मराठी ओळख लिहायला घेतली. वर्ध्याची झाली, चंद्रपूरचीही झाली. नाशिकपाशी येऊन ती थांबली. “काका, तिथे धरण आहे ते कळलं. पण धरणाच्या जवळ केळझर नावाचं गाव आहे ना? ते धरणाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? मी पाहिलं नाही, म्हणून लिहिलं नाही.”

सटाण्याकडचं कुणी वाचतंय का? पत्र पाठवा. पत्ता नेहमीचाच. सोबत पुस्तकाचं नाव, साल आणि पान क्रमांक लिहायला विसरू नका.